सुट्टी स्वस्तच हवी

आम्हा आयटीवाल्यांची एक गंमत आहे. आमच्यातला माणूस थकला की झोपत नाही, पॅकेज बुक करतो. बाली, व्हिएतनाम, गेला बाजार कूर्गचा एखादा रिसॉर्ट, ज्याच्या पूलचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला की किमान वीस तरी अंगठे येतात. चार रात्री, पाच दिवस, एअरपोर्ट पिकअप आणि एक कॅन्डललाइट डिनर. खर्च लाखाच्या घरात. तेवढे पैसे एकदम कुणाच्या हातात असतात? मग ते बारा हप्त्यांत. आणि परत आल्यावर पहिल्याच सोमवारी हा गडी कॉफी मशीनपाशी उभा राहून म्हणतो, "आयला, सुट्टीवरून आलोय, पण आता जरा सुट्टी हवी होती राव."

माझं म्हणणं साधं आहे आणि आज ते जरा आवाज चढवून मांडणार आहे. ज्या नोकरीनं तुम्हाला जाळलं, त्याच नोकरीला आणखी वर्षभर बांधून घालणारी सुट्टी ही सुट्टी नव्हेच. तो पुढच्या वर्षीच्या थकव्यासाठी भरलेला ॲडव्हान्स आहे. कामानं पिचलेल्या माणसानं सुट्टी घ्यावी ती एकट्यानं, एखाद्या अनोळखी शहरात, आणि स्वस्तात. यातलं 'स्वस्तात' हे सगळ्यात महत्त्वाचं. मी पुण्यात राहतो म्हणून असं म्हणतोय असं वाटत असेल तर तो टोमणा मंजूर आहे, पण कारण वेगळं आहे.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. 'बर्नआउट' हा शब्द हल्ली कुणीही कशालाही वापरतं. दोन दिवस जागरण झालं, बर्नआउट. मॅच हरलो, बर्नआउट. पण जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, २०१९ साली, त्याचा अर्थ बराच नेमका सांगितलाय. तिथे तो आजार म्हणून नाही, तर कामाशी संबंधित प्रकार म्हणून नोंदलेला आहे. खुणा तीन. अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. कारण एकच दिलंय : कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ चाललेला ताण, ज्याचा नीट बंदोबस्त झालेला नाही.

'कामाच्या ठिकाणचा' हे दोन शब्द परत एकदा वाचा. तुमच्या श्वास घेण्याच्या पद्धतीतला दोष असं कुठेही लिहिलेलं नाही.

हे एवढ्यासाठी सांगतोय की आपल्या कंपन्यांना मात्र दोष तिथेच दिसतो. तणावमुक्तीचं वेबिनार ठेवतात. कधी? बुधवारी दुपारी दीड वाजता, म्हणजे तुमच्या जेवणाच्या वेळेत! कॅमेरा ऑन ठेवायचा, डोळे मिटायचे, खोल श्वास घ्यायचा, आणि श्वास सोडेपर्यंत मॅनेजरचा मेसेज आलेला असतो की आहेस का, दोन मिनिटं. शेवटी फीडबॅक फॉर्म. तो भरला नाही तर रिमाइंडर. असो.

आणि वरून देशातल्या मोठमोठ्या लोकांचे सल्ले. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचं बोलणं बाहेर आलं. त्यांचा आकडा ९०, आणि रविवारीही माणसांना कामावर बोलावता येत नाही याची खंत. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं पक्षाघातानं आणि हृदयविकारानं गेली, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे हा 'आजकालच्या मुलांना सहनच होत नाही' यातला प्रकार नाही मंडळी. माणसं मरतात.

माझं म्हणाल तर मी मेलो नाही, उघड आहे. पण दोन वर्षांपूर्वी माझी अवस्था अशी होती की खिशात फोन नसताना खिसा थरथरायचा. ऑन-कॉल लागोपाठ तीन तीन आठवडे. रात्री तीनला अलर्ट, सकाळी नऊला स्टँडअप, आणि तिथे रात्रीचा अलर्ट का आला याचं निवेदन. सकाळी कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की पंधरा-वीस मिनिटं नुसता स्टिअरिंग धरून बसायचो, कारण वर जायला पाय उचलायचे नाहीत. एक दिवस आईनं विचारलं, "गवारीची करू की भेंडीची?" आणि मला अक्षरशः रडू फुटेल असं वाटलं. काय करावं ते सुचेना. गवार आणि भेंडी यांच्यातही निवड करता येत नाही, इतका डोक्याचा भुगा झाला होता.

त्या भाजीच्या प्रश्नावरून मला एक गोष्ट समजली. आपण कामानं थकतो हे अर्धंच खरं आहे. आपण थकतो ते उत्तरं देऊन. दिवसभर कुणीतरी काहीतरी विचारत असतं. ईटीए काय, ब्लॉकर काय, हे कधी होईल, ते का झालं नाही, दोन मिनिटं आहेत का. संध्याकाळी घरी आलं की तेच प्रेमानं. जेवायला बसतोस का, दूधवाल्याचे पैसे दिलेस का, काकांना फोन केलास का. विचारणाऱ्याचा काही दोष नाही हो. पण उत्तरं देणारी टाकीच कोरडी पडलीय, त्याला काय करणार?

आता अशा माणसाला घेऊन तुम्ही फॅमिली टूरला जा. मी काही आयटीनररी हातात घेऊन अकरा जणांना हाकण्याच्या विरुद्ध नाही. आमचीही कोकण ट्रिप होते दरवर्षी, मजा येते. पण ते प्रोजेक्ट मॅनेजमेंट आहे! खिडकी कुणाची, आजीच्या गोळ्या कुठल्या बॅगेत, मामांना तिखट चालत नाही, मावशींना एसी चालत नाही. मित्रांबरोबरची सहल तर त्याहून थोर. तीन महिने ग्रुपवर तारखांचं मतदान, शेवटी चौघं गळतात आणि उरलेले खर्चाचा हिशोब करत भांडतात. सहल म्हणून हे सगळं उत्तम. तिला विश्रांती मात्र म्हणू नका.

मग लोक म्हणतात, डोंगरात जा. शांतता असते. बरं, शनिवारी सकाळी एक्स्प्रेसवेच्या घाटात गाड्यांच्या रांगेत उभे राहून लोणावळ्याला पोचा, आणि पोचल्यावर भेटतं कोण? तुमच्याच टीमचा क्यूए लीड, सहकुटुंब. तो योगायोग टळला तरी दुसरी अडचण आहेच. खरी शांतता पिचलेल्या माणसाला सोसत नाही. समोर नुसतं धुकं आणि हातात चहा अशी अवस्था आली की रिकाम्या डोक्यात गेल्या आठवड्यातली प्रॉडक्शनची भानगड परत सुरू होते. त्यापेक्षा शहर बरं. शहरात डोळ्यांना सतत काहीतरी मिळत राहतं आणि त्यातलं काहीही तुमच्या अंगावर नसतं. समोर रस्ता खोदलाय? खोदू दे. तो तुमचा टिकट नाही. दोन रिक्षावाले भांडतायत? खुशाल भांडोत, तुम्हाला कुणी कॉलवर घेणार नाही. चारी बाजूंनी कामं चाललेली आहेत आणि त्यातलं एकही आपलं नाही, याचं सुख कुठल्याही स्पामध्ये मिळत नाही.

शहर निवडायला माझ्या अटी चार. रात्री बसलं की सकाळी पोचता यावं. बस किंवा मेट्रोनं फिरता यावं. ओळखीचं कुणी नसावं. आणि आपल्या कंपनीचं ऑफिस तिथे नसावं, नाहीतर 'आलाच आहेस तर क्लायंटला भेटून घे' हे ठरलेलं! या चारही अटींत माझ्यासाठी बसलं ते अहमदाबाद. तुमच्यासाठी इंदूर असेल, हैदराबाद असेल, मुंबईकरासाठी कोल्हापूरही असेल. पण मी पाहिलंय ते सांगतो.

अहमदाबाद म्हटल्यावर ऑफिसात पहिली प्रतिक्रिया अपेक्षित तीच आली : "तिथे काय आहे? आणि तिथे तर दारूपण मिळत नाही!" हो, गुजरातेत दारूबंदी आहे. उत्तमच. आपल्या पिढीला रिलॅक्स होण्याचा हा एकच मार्ग माहीत आहे, तो तीन दिवस बंद राहिला तर बिघडलं काय? आणि तिथे काय आहे म्हणाल, तर सहाशे वर्षांचं शहर आहे. अहमदशहानं १४११ मध्ये वसवलेलं. २०१७ मध्ये युनेस्कोनं या जुन्या शहराला जागतिक वारसा शहर ठरवलं, आणि तो मान मिळवणारं ते भारतातलं पहिलं शहर. मराठी माणसाला वेगळी ओळख हवी असेल तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल होता, गायकवाडांची हवेली आजही आहे.

सकाळी महानगरपालिकेचा हेरिटेज वॉक असतो. १९९७ पासून चालू आहे. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचं आणि पोळांमधून चालत चालत जामा मशिदीपाशी संपवायचं. पोळ म्हणजे आपल्या वाड्यांची वस्तीच समजा. एक दरवाजा, आत अरुंद गल्ली, कोरीव लाकडी घरं आणि मधे चबुतरा. हा चबुतरा म्हणजे पाखरांना दाणे टाकायला बांधलेला उंच खांब, वर छोटीशी नक्षीदार छत्री. पाखरांनी खावं म्हणून गल्लीनं वर्गणी काढून वास्तू उभारायची! त्यातून रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट काय मिळतो हे मी कुणाला विचारलं नाही. एकट्यानं जाणाऱ्याला हा वॉक फार सोयीचा. सोबतीला माणसं असतात, पण त्यांच्याशी बोलायचं बंधन नसतं.

मग सिदी सय्यदची जाळी. १५७३ ची मशीद, आणि दगडात कोरलेलं ते झाड, जे फोटोत आपण हजारदा पाहिलेलं असतं. मी समोर अर्धा तास बसलो. मुद्दाम वेळ मोजून नव्हे, उठावंसं वाटेना म्हणून. कुणीतरी अख्खं झाड दगडात कोरलं आणि त्याला कुणी दर पंधरा दिवसांनी डेमो मागितला नसावा, एवढाच एक विचार मनात आला.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते माणेक चौकानं. रात्री तिथे खाण्याची जत्रा भरते. पावभाजी, सँडविचं, कुल्फी, मध्यरात्रीपर्यंत लेकुरवाळी कुटुंबं खात बसलेली. आता गंमत अशी की हाच चौक दुपारी सोन्याचांदीचा बाजार असतो, आणि सकाळी भाजीचा. म्हणजे एकाच जागेला तीन शिफ्टा! पण तीन शिफ्टांना माणसं वेगवेगळी. सराफ दुकानाला कुलूप लावून घरी जातो आणि मग पावभाजीवाला तवा तापवतो. सराफाला कुणी म्हणत नाही की आता आहातच तर रात्रीच्या चार कुल्फ्यापण विकून जा. आपलं बरोबर उलटं झालंय. लॅपटॉप एक, खुर्ची एक, आणि तिन्ही शिफ्टांना माणूसही एकच. सकाळी इंडिया टीमबरोबर, दुपारी युरोपबरोबर, रात्री अमेरिकेबरोबर. जागा चोवीस तास चालू ठेवायला कुणाची हरकत नाही. माणूस चोवीस तास चालू ठेवायला आहे.

आता हिशोब. यासाठीच तर एवढं लिहितोय. गुरुवारी रात्री निघालो, रविवारी रात्री परत फिरलो, सोमवारी सकाळी घरी. रजा शुक्रवार आणि सोमवार, दोनच. सोमवारची रजा विसरू नका. गाडीतून उतरून थेट ऑफिसला गेलात तर सगळं मुसळ केरात! दोन्हीकडचं थ्री टायर एसीचं तिकीट अडीच हजारांच्या आत. स्टेशनपासून जवळ साधं, स्वच्छ लॉज, दोन रात्रींचे २,८००. खाणं दीड हजार, त्यातही थाळीवाल्यानं आग्रह करकरून वाढलेलं. बीआरटीएस, मेट्रो, रिक्षा आणि तिकिटं मिळून सातशे. साबरमती आश्रमात शिरायला पैसे पडत नाहीत. एकूण साडेसात हजार. मे महिन्यात मात्र जाऊ नका, ऊन भाजून काढतं. नवरात्र आणि संक्रांतही टाळा, तेव्हा लॉजचे भाव चढतात.

साडेसात हजार हा आकडा मिरवण्यासाठी नाही सांगितला. त्यातून एक वेगळं गणित निघतं. लाखाच्या ट्रिपनं माणूस काय शिकतो? की सुखासाठी लाख लागतात, आणि लाखासाठी ही नोकरी लागते, म्हणजे हा मॅनेजरही लागतो. साडेसात हजारांच्या ट्रिपनं मी काय शिकलो? की तिकीट आणि खोली सोडली तर दिवसाला सात-आठशे रुपयांत माझं खाणं-फिरणं झकास होतं. रविवारी दुपारी नदीकाठी बसून मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर दोन आकडे लिहिले. घराचा महिन्याचा खरा खर्च, आणि बँकेतली शिल्लक. भागाकार केला. उत्तर आलं अकरा. अकरा महिने मी पगाराशिवाय राहू शकत होतो! इतकी वर्षं मी अशा भीतीनं काम करत होतो की जणू उद्या पगार थांबला तर परवा रस्त्यावर येईन. गृहकर्जाचा हप्ता धरूनसुद्धा अकरा महिने. हे पॅकेजच्या हप्त्यांखाली दबलेल्या माणसाला कधीच दिसत नाही, कारण त्याच्या भागाकारात दर वर्षी नवा हप्ता शिरलेला असतो.

परत आल्यावर मंगळवारी मॅनेजरला सांगितलं, लागोपाठ दोन आठवडे ऑन-कॉल यापुढे करणार नाही. धमकी दिली नाही, आवाजही चढवला नाही. पण अकरा हा आकडा माहीत असलेल्या माणसाचा आवाज वेगळा लागत असावा. महिनाभर घासाघीस झाली आणि चार जणांत पाळ्या लागल्या. त्या वर्षी माझं रेटिंग एक पायरी खाली आलं, कारण म्हणे 'ओनरशिप कमी'. चालतंय. झोप लागते, आणि भेंडी की गवार हे आता मी दोन सेकंदांत सांगतो.

म्हणजे ट्रिपनं बर्नआउट बरा झाला का? नाही. ट्रिपनं तो बरा होतच नाही, हे मीच वर लिहिलंय. रोग कामाच्या ठिकाणी असेल तर इलाजही तिथेच. पण आपल्याच भाषेत सांगायचं तर सर्व्हरचा सीपीयू शंभर टक्क्यांवर अडकलेला असताना नक्की काय बिघडलंय ते बघायला त्यात लॉगिनसुद्धा होता येत नाही. आधी ट्रॅफिक दुसरीकडे वळवावं लागतं. मग आत शिरता येतं. तीन दिवसांचं काम एवढंच. आणि एक गंभीरपणे सांगतो. झोप उडाली असेल, अंथरुणातून उठवत नसेल, जगण्यातच राम वाटत नसेल, तर रेल्वेचं तिकीट नको, डॉक्टर हवा. २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६. लाजू नका.

घरच्यांचे प्रश्न येणारच. "एकटाच? का रे, भांडण झालं का?" लग्न झालेल्याला तर सासरहूनही फोन येतात. मुलींचा रस्ता आणखी कठीण. माझ्या टीममधली मैत्रीण म्हणते की तिला बॉस रजा देतो, पण एकटीला जायची परवानगी घरून मिळत नाही, आणि मिळाली तर लॉजवाला दोनदा विचारतो, सोबत कोण. तिच्या अडचणींवर मी इथे बसून शहाणपण शिकवणार नाही. एवढंच म्हणेन की घरातल्या पुरुषांनी परवानगी देण्याचं कामच सोडून द्यावं आणि तीन दिवस पोरांचे डबे भरावेत. ते जास्त उपयोगी.

दुसरा आक्षेप : हे सगळे भरल्या पोटाचे चोचले. एसीत बसून कसला थकवा? याचं उत्तर मला अहमदाबादेतच मिळालं. हे गिरण्यांचं शहर. १९१८ मध्ये तिथल्या गिरणी कामगारांनी ३५ टक्के पगारवाढीसाठी संप केला. गांधीजी त्यांच्या बाजूनं उभे राहिले, उपोषणाला बसले. गिरणीमालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूनं त्यांचीच सख्खी बहीण अनसूयाबेन! त्यातूनच १९२० मध्ये मजूर महाजन ही संघटना उभी राहिली. आणि त्याच्याही आधी मुंबईत आपले नारायण मेघाजी लोखंडे. जोतिराव फुल्यांचे सहकारी. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांसाठी मागण्या मांडल्या, त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या दोन होत्या. सहा वर्षं झगडावं लागलं. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या कामगारांचे हाल आणि आपले हाल यांची तुलना करायची माझी छाती नाही. पण ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी जो रविवार भांडून मिळवला, तो सगळं असलेले आपण लॅपटॉप उघडून परत करतोय. आणि अर्ध्या तासाची ती दुपारची विश्रांती? तिथे वेबिनार आहे.

तेव्हा कृपा करून सुट्टीला बक्षीस समजणं सोडा. ती कमवायची नसते, तुमच्या खात्यात ती आधीच जमा आहे. पॅकेजवाल्यांच्या जाहिराती बंद करा. एका रात्रीच्या अंतरावरचं, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही असं एक शहर शोधा. एक सॅक, दोन शर्ट, एक पुस्तक. लॅपटॉप घरी. फोन तिकिटापुरता, पैसे द्यायपुरता आणि आईला 'पोचलो' सांगण्यापुरता. दिवसाला एकच गोष्ट बघायची, दुपारी झोपायचं, आणि शेवटच्या दिवशी तो भागाकार करायचा. उत्तर तीन येवो, अकरा येवो की शून्य येवो, आपण कुठे उभे आहोत ते तरी कळेल.

आणि हो, रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. तिथे 'वैयक्तिक' एवढंच लिहा आणि सबमिट करा. पुढे काही विचारलं तर उत्तर देऊ नका. सुरुवात तिथूनच करायची आहे.